पिल्लू खाजवतंय? आधी अंगभर बघा, मग औषध

या खेपेला आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत: कुत्र्याच्या पिल्लाला खाज सुटली आहे, काय लावू? त्याआधीचा प्रश्न असतो, खाज कशामुळे सुटली. त्याचं निम्मं उत्तर घरातच मिळतं, कारण पिल्लू दिवसरात्र घरच्यांच्या नजरेसमोर असतं. डॉक्टरांच्या टेबलावर ते जेमतेम दहा मिनिटं असतं आणि तेवढा वेळ घाबरून खाजवणंही विसरतं. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे आणि बाकीची पत्रं त्याला जोडून घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, वजन तीन किलो. आणलं तेव्हा अंग स्वच्छ होतं. गेले तीन आठवडे सारखं खाजवतंय, रात्री तर झोपतच नाही. कानांच्या कडा आणि कोपरं खरबरीत झाली आहेत, तिथले केस गेले आहेत. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, हळद-खोबरेल लावलं, जंतुनाशक साबणाने दिवसाआड धुतलं. मेडिकलमधून खाजेचं मलम आणलं, त्याने चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट वाढलं. शेजारी म्हणतात गाडीचं जळकं ऑइल चोपडा. आता धाकट्या मुलीच्या हातावर आणि पोटावर पुरळ आलं आहे. ही अ‍ॅलर्जी असेल का? (देवगड तालुक्यातील वाचक)

उत्तर : जळकं ऑइल आधी लांब ठेवा. पिल्लू ते चाटणारच. ते पोटात गेलं की उलट्या होतात, छातीत उतरलं तर न्यूमोनिया होतो, शिवाय ते कातडीही भाजतं. तीन किलोच्या जिवाला एवढं पुरे आहे.

आता अ‍ॅलर्जीचं. धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी कुत्र्यात बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. अडीच महिन्यांच्या पिल्लात तिचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. या वयात पहिला संशय अंगावर राहणाऱ्या किड्यांचा: पिसवा, उवा, लुतीचे किडे. त्यानंतर कातडीतले जंतू आणि बुरशी, मग साबण-फिनाईलसारखी चुरचुरणारी वस्तू, आणि अगदी शेवटी खाणं. हा क्रम उलटा धरल्यामुळेच पिल्लांचे महिनेच्या महिने वाया जातात. घरात मासे बंद होतात, पेज-भात सुरू होतो, आणि किडे मात्र अंगावर सुखाने वाढत राहतात.

तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी, म्हणजे कानांच्या कडा, कोपरं, रात्रीची खाज आणि मुलीच्या अंगावरचं पुरळ, एकत्र धरल्या की बोट लुतीकडे जातं. हिचा किडा कातडीत बोगदे करून राहतो, त्याला सारकॉप्टिस म्हणतात. तो अंगावर आल्यापासून खाज सुरू व्हायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून आणताना पिल्लू स्वच्छ दिसलं याला फारसा अर्थ नाही. तरीही एका संशयावर अडून बसू नका. उद्या सकाळी अर्धा तास काढा आणि पुढची तपासणी स्वतः करा.

ओटीवर उजेडात पांढरी चादर अंथरा. बारीक दातांची फणी, म्हणजे लिखा काढायची चालेल, दोन पांढरे कागद, एक काळा कागद आणि वाटीभर पाणी जवळ घ्या. पिल्लाचं पोट भरलेलं असू दे, म्हणजे ते गप्प राहतं.

सुरुवात शेपटीच्या मुळाशी करा. पाठीच्या खालच्या भागावर आणि मांड्यांच्या आतून फणी केसांच्या मुळापासून फिरवा आणि निघालेला कचरा पांढऱ्या कागदावर झटका. काळे, वाळवलेल्या चहाच्या चुऱ्यासारखे कण पडले तर त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाका आणि बोटाने हलके पसरवा. साधी माती असेल तर मातकटच राहते. पिसवांची घाण असेल तर मिनिटभरात कणाभोवती तांबूस-गंजकट वलय पसरतं, कारण ते पिल्लाचं पचलेलं रक्त असतं. हे वलय दिसलं की एकही पिसू नजरेला पडली नाही तरी पिसवा आहेत हे नक्की. आपल्याकडे कोकणात जांभ्या चिऱ्याच्या लाल धुळीने फसायला होतं. कोरडा कण आधीपासून लाल दिसत असेल तर ती धूळ. काळा कण भिजल्यावर लाल झाला तर ते रक्त.

मग पाठीवरचा कोंडा काळ्या कागदावर झाडा आणि कागद मिनिटभर स्थिर धरा. त्यातले ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर तो कोंड्याचा किडा, चेलेटिएला. तो माणसालाही चावतो, त्यामुळे मुलीचं पुरळ यानेही येऊ शकतं. पांढरट दाणे केसाला घट्ट चिकटलेले आणि फणीने न सुटणारे असतील तर त्या उवांच्या लिखा. कुत्र्याच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, ती भीती नको.

आता कान. कानाची टोकाकडची कड दुमडून कानाच्याच मुळाशी धरा आणि अंगठ्याने पाचेक सेकंद चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलू लागला तर लुतीचा संशय खूप बळावतो. लूत झालेल्या बहुतेक कुत्र्यांत हे दिसतं. दुसऱ्या आजारांतही कधी दिसतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका, पण डॉक्टरांना ही खूण आवर्जून सांगा. कानाच्या आतही बघा. कॉफीच्या गाळासारखा काळा-कोरडा मळ दोन्ही कानांत असेल तर कानातले किडे असू शकतात, आणि त्यांची खाज कान व मानेपुरती असते.

पिल्लाला उताणं करून पोट आणि जांघा बघा. केस नसलेल्या जागी पिवळ्या पुवाच्या बारीक पुटकुळ्या किंवा त्या फुटून उरलेल्या गोल खपल्या असतील तर तो जंतूंचा त्रास. पावसाळ्यात ओल्या गोणपाटावर झोपणाऱ्या, जंत झालेल्या, अशक्त पिल्लांना तो हमखास होतो. शेवटी ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी हव्यात. पांढरट असतील तर खाजेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. एवढ्याशा पिल्लाला पिसवा आणि आतड्यातले आकडी जंत (हुकवर्म) रक्त पिऊन मारू शकतात.

आजवर केलेल्या उपायांचं काय झालं तेही समजून घ्या. कडुनिंबाच्या पाण्याने अपाय झाला नाही, पण कातडीत बोगद्यात बसलेल्या किड्यापर्यंत ते पोचत नाही. माणसाच्या साबणाने मात्र अपाय झाला. कुत्र्याची वरची कातडी माणसापेक्षा बरीच पातळ असते, आणि दिवसाआड साबण लागला की तिच्यावरचं तेल निघून जातं, ती कोरडी पडून आणखी खाजते. मलमाने चार दिवस आराम पडला तो बहुधा त्यातल्या स्टेरॉइडचा. मेडिकलमधून मिळणाऱ्या खाजेच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. खाज दबते, पण किडा किंवा बुरशी निवांत वाढते आणि पुढची तपासणीही चुकते. डॉक्टरकडे ती ट्यूब नक्की घेऊन जा.

जाण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, तेल-मलम लावू नका. खपल्या असू देत, त्यांतच किडा सापडण्याची शक्यता जास्त. डॉक्टर कानाची कड आणि कोपर ब्लेडच्या बोथट कडेने खरवडून तो चुरा तेलाच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बघतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे होतं का ते आधी विचारून घ्या.

उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा, पण काय विचारायचं ते माहीत असावं. आठ आठवडे पूर्ण आणि वजन साधारण दोन किलोच्या वर असेल तर फ्लुरालॅनर किंवा अ‍ॅफॉक्सोलॅनर या जातीची चघळायची गोळी देता येते. तिने लूत, पिसवा आणि गोचीड तिन्ही आटोक्यात येतात. तुमचं पिल्लू या मापात बसतं. त्याला कधी आकडी (फिट) आली असेल तर ते न लपवता सांगा. सहा आठवड्यांवरच्या पिल्लांसाठी मानेवर थेंब टाकायचं सेलामेक्टिनही आहे. औषध सुरू झालं तरी खाज दुसऱ्या दिवशी थांबत नाही. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीत असेपर्यंत दोन ते चार आठवडे ती रेंगाळते, पहिले काही दिवस तर वाढलेलीही दिसते. याच टप्प्यावर लोक औषध बदलतात. बदलू नका.

घरात आणखी कुत्रा असेल, किंवा शेजारचं कुत्रं खळ्यात (अंगणात) येऊन झोपत असेल, तर त्याच्यावरही त्याच वेळी उपचार हवेत, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे. गोणपाट जाळून टाका किंवा फेका. अंथरुणाला जुनी सुती चादर घ्या, दोन ठेवल्या की एक धुवायला मोकळी. चादर उकळत्या पाण्यातून काढा आणि कडकडीत वाळवा. लुतीचा किडा अंगाबाहेर काही दिवस जगतो, आणि गार-ओलसर जागेत अधिक. आपल्या पडवीत पावसाळ्यात नेमकी तशीच हवा असते.

मुलीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात खाजणारं पिल्लू आहे हे आपणहून सांगा. कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही, त्यामुळे पिल्लू बरं झालं की पुरळही साधारण दोन-तीन आठवड्यांत जातं. तोवर पिल्लाला मांडीवर घेणं आणि अंथरुणात घेणं बंद. लहान मुलांना हे जड जातं, पण त्यांना कारण समजावून सांगितलं की ती ऐकतात.

प्रश्न : डॉक्टरांनी आमच्या पिल्लाची कातडी खरवडून तपासली, काही सापडलं नाही म्हणाले, आणि तरी लुतीचं औषध दिलं. सापडलं नाही तर औषध कशाला? (गुहागर)

उत्तर : डॉक्टरांनी योग्य केलं. सारकॉप्टिसचे किडे संख्येने अगदी थोडे असतात. दहा-पंधरा किडेही कुत्र्याला वेडं करतात, आणि ब्लेड नेमकं त्यांच्या बोगद्यावर पडायला हवं. लूत असलेल्या निम्म्याहून जास्त कुत्र्यांत एका खरवडणीत किडा हाती लागत नाही. सापडला तर लूत नक्की. सापडला नाही म्हणून लूत नाही असं मात्र म्हणता येत नाही. अशा वेळी औषध देऊन बघणं हीच तपासणी असते. त्यासाठी तीन-चार आठवडे पूर्ण द्यावे लागतात आणि मधे दुसरं काहीही सुरू करायचं नसतं, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा आकडा देऊन कॅलेंडरवर लिहा. "बरं वाटतंय" यापेक्षा आठवर गेलेली खाज तीनवर आली, हे डॉक्टरांच्या जास्त कामाचं.

एक धोका मात्र नीट ऐका. गुरांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पिल्लाला घरी टोचण्याची पद्धत पडली आहे. त्या बाटलीत एका मिलिलीटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. तीन किलोच्या पिल्लाचा डोस त्यातून मिलिलीटरच्या एक दशांश भागाच्या आसपास येतो. सिरिंजवर तो नीट मोजताही येत नाही आणि चूक झाली तर ती थेट दहापट होते. पिल्लू झोकांड्या देतं, डोळ्यांनी दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. कोली (Collie) या विलायती जातीच्या आणि त्यांच्या मिश्र पिल्लांना तर त्यांच्या रक्तातच या औषधाची अडचण असते, त्यांना लुतीसाठी लागणारा डोसच घातक ठरतो. गुरांवर मारायचं अमित्राझचं पाणीही तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लाच्या अंगावर घालू नका. ते मलूल पडतं आणि अंग गार पडतं.

प्रश्न : घर चिऱ्याचं, जमीन शेणाने सारवलेली. पिल्लाला पिसवांच्या साबणाने आंघोळ घातली की आठ दिवसांत पुन्हा तितक्याच पिसवा. येतात कुठून? घरात मांजरही आहे. (मुरूड-जंजिरा परिसर)

उत्तर : जमिनीतून येतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा अगदी छोटा हिस्सा. बाकीचा सगळा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात असतो. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती केसांना चिकटत नाहीत, पिल्लू जिथे झोपतं तिथे गळतात. अळी उजेड टाळून सारवणाच्या भेगांत, चिऱ्यांच्या सांध्यांत, कोपऱ्यातल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली शिरते. तिला ओल हवी असते आणि किनारपट्टीवर ती बारा महिने आहे. पुढे ती कोष करते. कोषावर कुठलंच औषध धड चालत नाही, आणि आतली पिसू महिनोन्‌महिने वाट बघू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की ती बाहेर पडते. मुंबईकरांचं बंद घर गणपतीला उघडलं की पहिल्याच संध्याकाळी पायांवर पिसवा का चढतात, त्याचं कारण हेच.

म्हणजे आंघोळीने त्या दिवसापुरत्या पिसवा जातात आणि दुसऱ्या दिवशी जमिनीतून नव्या चढतात. अंगावर टिकणारं औषध हवं आणि ते किमान तीन महिने सलग हवं, म्हणजे कोषातून निघालेली प्रत्येक पिसू अंगावर येऊन अंडी घालण्याआधी मरते. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला फिप्रोनिलचा फवारा चालतो. १०० मिलिलीटरच्या बाटलीचा एक फुसका अर्ध्या मिलिलीटरचा असतो आणि माप किलोमागे ६ ते १२ फुसके, म्हणजे दीड किलोच्या पिल्लाला ९ ते १८. हातमोजे घालून, केस उलटे करत, मुळापर्यंत ओलं करायचं. तोंडावर फवारू नका, हातमोज्यावर घेऊन पुसा. हे औषध स्पिरिटमध्ये असतं, तेव्हा चूल, समई, उदबत्ती यांपासून दूर, वाऱ्याच्या जागी मारा आणि अंग पूर्ण सुकेपर्यंत पिल्लाला चुलीच्या उबेला जाऊ देऊ नका. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही.

मांजराला वगळलंत तर सगळं फुकट. पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं आणि त्याने मांजर तडफडून मरतं. मांजरासाठीचं वेगळं मागून घ्या.

घरात सोडणं, पेंढा, जुनी पोती पिल्लाच्या झोपायच्या जागेपासून हलवा. खाटेखाली आणि भिंतीच्या कडेने रोज झाडा, आणि तो केर खळ्यात न टाकता जाळा. जमीन सारवताना भेगा बुजतील असं सारवा, नुसता हात फिरवू नका. ऊन पडेल त्या दिवशी पिल्लाचं अंथरूण चिऱ्याच्या गडग्यावर दिवसभर टाका. नेटाने केलं तर सहा आठवड्यांनी फरक दिसतो, आधी नाही.

चिऱ्याच्या भिंतीचा विषय निघालाच आहे तर गोचिडांचंही सांगतो. कुत्र्याच्या गोचिडाची मादी रक्त पिऊन टम्म झाली की अंगावरून उतरून भिंत चढते आणि सांध्यात हजारो अंडी घालते. गोचिडाने खाज फारशी येत नाही, ताप येतो. पिल्लू खायचं थांबलं, अंग तापलं, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर थांबू नका. उपटताना गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. काडी पेटवून चटका देऊ नका, रॉकेलही लावू नका.

प्रश्न : पिल्लाच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायावर केस गेलेत, रुपयाएवढे चट्टे. पण खाजवत नाही. ही लूतच ना? (रत्नागिरी)

उत्तर : खाजवत नाही हीच यातली महत्त्वाची खूण. दोन शक्यता आहेत. एक डेमोडेक्स. हा किडा केसांच्या मुळाशी राहतो आणि जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच आईकडून येतो. तो बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर असतोच, पिल्लाची ताकद कमी पडली की वाढतो. तो माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. चार-पाच चट्ट्यांपुरता असेल तर बहुतेक पिल्लांत सहा-आठ आठवड्यांत आपोआप जातो. चांगलं खाणं, जंताचं औषध, आणि स्टेरॉइड अजिबात नाही, एवढंच करायचं. चट्टे वाढत गेले किंवा पायांना सूज-पू आला तर मात्र उपचार हवेत.

दुसरी शक्यता गजकर्णाची. ही बुरशी माणसांना लागते. घरात कुणाला गोल, कडा उठलेला लाल चट्टा आहे का बघा. डॉक्टर निळ्या-जांभळ्या दिव्याखाली केस बघतात. हिरवट चमकले तर बुरशी, पण साधारण निम्म्याच वेळा चमकतात. पक्कं ठरवायला केस प्रयोगशाळेत वाढवून बघावे लागतात आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. तोवर पिल्लू हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

प्रश्न : समुद्रापासून पन्नास पावलांवर घर, खळ्यात वाळू. पिल्लू पायाचे पंजे चावतं, बोटांच्या मधे लाल झालंय. मुलाच्या तळपायावर नागमोडी लाल रेघ उठली आहे, रोज थोडी पुढे सरकते. दोन्हींचा संबंध आहे? (वेंगुर्ला)

उत्तर : आहे, आणि तुम्ही दोन्ही गोष्टी एका पत्रात लिहिल्यात हे फार बरं झालं. हे आकडी जंताचं लक्षण वाटतं. कुत्र्याच्या शीवरून त्याची अंडी वाळूत येतात, ओल आणि सावली मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात त्यांतली अळी कातडीतून शिरण्याइतकी तयार होते. पिल्लाच्या पंजांत ती शिरते, तशी अनवाणी मुलाच्या तळव्यातही. माणसाच्या शरीरात तिला पुढचा रस्ता सापडत नाही, म्हणून ती कातडीखालीच भटकते. तीच ती रेघ. मुलाला डॉक्टरांकडे न्या, गोळ्यांनी ते लवकर बरं होतं. सुईने टोकरून अळी काढायचा प्रयत्न नको, रेघेच्या टोकाला ती नसते, पुढे गेलेली असते.

पिल्लाचं जंताचं वेळापत्रक असं असतं: दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. दर वेळी वजन करून, कारण या वयात ते आठवड्याला बदलतं आणि मागच्या वेळचं माप कमी पडतं. आईचं दूध पिताना हे जंत दुधातूनही येतात, म्हणून आईलाही औषध द्या. शी काळी-डांबरासारखी होत असेल आणि हिरड्या फिक्या असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

खळ्यातली शी रोज उचला. रोज म्हणजे खरोखर रोज, कारण अळी तयार व्हायला आठवडा लागतो आणि तोच आठवडा आपल्या हातात असतो. माडाखालची सावलीची ओली वाळू सगळ्यात धोक्याची. पिल्लाची बसायची जागा उन्हाच्या, कोरड्या बाजूला करा. भरतीच्या पाण्याने रोज धुतली जाणारी पुळण त्यामानाने बरी, पण तिथून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधून पुसा. मीठ सुकलं की तीच जागा पुन्हा चुरचुरते.

प्रश्न : सगळे म्हणतात मासे बंद करा, उष्ण पडतात, त्यानेच खाज. आमचं पिल्लू बांगडा-भातावरच वाढतंय. (मालवण)

उत्तर : ताजा बांगडा उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न घालता दिला तर तो चांगला आहार आहे. बंद करू नका. फार वेळ उन्हात पडलेला, मऊ झालेला मात्र नको. त्यात हिस्टामिन तयार होतं, शिजवूनही जात नाही, आणि त्याने अंग लाल होऊन खाज सुटू शकते. खारवलेली सुकी मासळीही नको, तिच्यातलं मीठ पिल्लाला जड जातं.

खाण्याच्या अ‍ॅलर्जीचा संशय तेव्हा घ्या, जेव्हा किडे, जंतू, बुरशी तिन्हींचा निकाल लागलेला असतो आणि खाज तरी वर्षभर एकसारखी राहते, सोबत वारंवार पातळ शी किंवा कान बिघडणं असतं. ती ओळखायला रक्ताची तपासणी भरवशाची नाही. निदान आठ आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेला एकच मांसाचा प्रकार आणि एकच पिठूळ पदार्थ द्यावा लागतो. बिस्कीट नाही, दूध नाही, पाहुण्यांनी टाकलेला चपातीचा तुकडाही नाही. मग जुनं खाणं परत दिलं आणि दोन आठवड्यांत खाज परतली, तर ते सिद्ध. वाढत्या पिल्लाला आठ आठवडे अशा एकसुरी खाण्यावर घरच्या घरी ठेवणं बरोबर नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

खरी काळजी उलट बाजूची आहे. मासे बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेल्या पिल्लाला प्रथिनं आणि जस्त कमी पडतं. मग डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडांना, पंजांवर खपल्या धरतात, आणि त्याही खाजेच्याच समजल्या जातात.

प्रश्न : सकाळी चांगलं होतं, बागेतून आलं आणि एकदम लोळायलाच लागलं, ओरडत खाजवत होतं. संध्याकाळी शांत. काय असेल? (राजापूर)

उत्तर : मिनिटांत सुटलेली खाज रोगाची नसते, काहीतरी लागलेलं असतं. आंब्यावरून पडलेले हुमले (चावऱ्या तांबड्या मुंग्या), सुरवंट, नाहीतर दिवाळीनंतर वाळणाऱ्या खाजकुयलीच्या शेंगांची लव. लव असेल तर चोळू नका, पाण्यानेही चोळू नका, ती आत रुतते. हातमोजे घालून चिकटपट्टी दाबून उचला, पुन्हा पुन्हा नवी पट्टी घेऊन, आणि मग भरपूर पाणी नुसतं ओता. फिनाईल न मिसळलेल्या पाण्याने फरशी पुसूनही बघा: पोटाखालीच लाली येत असेल तर कारण बहुधा फरशीवर सापडतं. तोंड सुजलं, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.